लव्हाळ्यातल्या गाठी

सोमवार, १४ एप्रिल

धाकट्या,

आज पेंढी उचलली आणि हाताला बलक लागला.

आधी वाटलं, चिखलच असणार. चटयांच्या शेडमध्ये चिखलाचं कुणाला काय अप्रूप. पण चिखल असा ओघळत नाही. पेंढी दाराशी उजेडात नेली, तर लव्हाळ्याच्या पात्यांना टरफलाचे तुकडे चिकटलेले, तपकिरी ठिपक्यांचे. शेजारच्या मागावर बसणारी म्हणाली, "ताई, पाणकोंबडीची आहेत." मी म्हटलं, दिसतंय मला. मग एकेक माग थांबत गेला.

आम्ही सगळ्या बायका तशाच काठावर गेलो. होड्या परत लागल्या होत्या. गप्पू होडीच्या कडेवर बसून विळा धूत होता, धुतलेलाच पुन्हा धूत होता. गप्पू तुला माहीत आहे, वर्षाकाठी दोन वाक्यं बोलणारा माणूस. त्यातलं एक आज बोलला. "गाठ नव्हती, ताई."

कापलेल्या पट्ट्यात घरटी उलटीपालटी पडली होती. एक जांभळी पाणकोंबडी त्याच जागी गोल गोल फिरत ओरडत होती. आम्ही काठावर उभ्या. काय करणार होतो? माफी मागणार होतो का तिची?

आता पुढचं तुला खरं तर सांगायला नको. पण ऑफिसात बसायला लागल्यापासून तुला बऱ्याच गोष्टी नव्यानं सांगाव्या लागतात, म्हणून सांगते. कापणीच्या आधी काका होडी घेऊन पुढे जातात. घरटं दिसलं की त्याच्या भोवतीची उभी लव्हाळी एकमेकांत पिळून गाठ मारतात. दोरी नाही, चिंधी नाही, पात्याची पात्यालाच गाठ. मागून येणारा कापणारा ती बघतो आणि दोन हात लांबून वळसा घालून जातो. गाठ आहे तिथे घरटं आहे. गाठ नाही तिथे घरटं नाही. आमच्यातलं कुणी बुंध्याशी वाकून बघत नाही, कारण काकांनी बघितलेलं असतं. हवं तर ही आमची चूक म्हण. आम्ही डोळे काकांकडे गहाण टाकलेत आणि नुसता विळा घेऊन पाण्यात उतरतो. पण आजोबांच्या वेळेपासून हे असंच चाललंय आणि त्यात आजवर अंडं फुटलं नव्हतं.

शनिवारी काकांनी गाठी मारल्या. मीच होडी धरली होती, त्यामुळे मला कुणी शिकवू नये. आज सकाळी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, म्हणून कापणाऱ्यांबरोबर नव्हते. आणि मधल्या रविवारी तुमचे पाहुणे आले होते. देणगी देणारे, दुर्बिणी लावलेले, पायात नवेकोरे गमबूट घातलेले. त्यांची होडी त्याच पट्ट्यातून गेली. तुझे मोठे साहेब त्या होडीत होते. तू होतास.

पक्षी वाचवणाऱ्या तुझ्या संस्थेबरोबरचा हा करार झाला तेव्हा पहिला हात मी वर केला होता, विसरू नकोस. पाणथळ बुजवून गोदामं बांधायला निघाले होते लोक. तू येऊन म्हणालास, ताई, निम्मं संस्थेनं सांभाळायचं, निम्मं आपण. समितीत निम्मे ते, निम्मे आपण. लव्हाळी पाळीपाळीनं कापायची आणि बाकीची पक्ष्यांना. सगळे कुरकुरत होते. मी म्हटलं, माझा भाऊ सांगतोय ना, मग झालं.

एकच विचारते. गाठी कुणी काढल्या?

ताई


शनिवार, १९ एप्रिल

माननीय समन्वयक साहेब,

आपलं पत्र मिळालं. छापील होतं. "घडलेल्या प्रकाराबद्दल संस्थेस खेद आहे. चौकशी सुरू असून सर्व घटकांनी सहकार्य करावे." मी घटक आहे हे मला माहीत नव्हतं. लहानपणी तुझं नाक पुसत होते तेव्हाही घटकच असणार.

खेद कसला झालाय तेही कळलं. फाटकावर "ही पाणथळ आपणा सर्वांची" असा फलक आहे ना, त्याच्याखाली आता दोन फोटो लागलेत. एकात काकांची गाठ, जवळून काढलेली. दुसऱ्यात फुटकी अंडी. खाली लिहिलंय, "पक्षी पकडण्यासाठी लावलेले फासे. शिकाऱ्यांची माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाईल." साप साप म्हणून भुई धोपटतात असं ऐकलं होतं. तुमच्या साहेबांनी भुई धोपटली आणि वर भुईवरच खटला भरला.

फासा कसा असतो हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. आपल्या मामांनी एका वर्षी लावले होते, मी नाही म्हणणार नाही. फासा पाण्यालगत सैल पडलेला असतो आणि ओढला की आवळतो. काकांना कळलं तेव्हा त्यांनी मामांना पूर्ण हंगाम होडीत पाय ठेवू दिला नव्हता, स्वतःच्या वहिनीच्या भावाला. आई काकांशी बोलेना. तरी नाही म्हणजे नाही. त्या माणसाच्या गाठीचा फोटो तुम्ही फासा म्हणून टांगलात.

काकांचा पाणथळीत जायचा पास काढून घेतला. कापणाऱ्यांचे मुकादम म्हणून जबाबदारी त्यांची, असं सांगितलं. रखवालदाराला तोंड वर करवेना. काका त्याला म्हणाले, "घे रे, तुझं काम कर. तुझ्यावर थोडाच राग आहे." आणि स्वतःच गळ्यातून काढून दिला. समितीची बैठक २९ तारखेला आहे, तोवर सगळी कापणी बंद, आणि बैठकीत ठरणार की आमचं निम्मं आमच्याकडे ठेवायचं की नाही. म्हणजे आता हा प्रश्न अंड्यांचा राहिला नाही. काका चोर ठरले तर आम्ही सगळे चोर, आणि चोरांबरोबर कोण भागीदारी करतो.

सकाळी उठून ते गमबूट घालतात. दारापर्यंत जातात. मग पायरीवर बसून काढून ठेवतात. मी कणीक मळता मळता बघते आणि बघितलं नाही असं दाखवते.

आता मूळ प्रश्न. तू त्याचं उत्तर दिलं नाहीस, तेव्हा मीच शोधायला निघाले. काल गप्पूला घेऊन होडी काढली. पास माझाही आहे, अजून तरी. पट्ट्याच्या टोकाला थोडी लव्हाळी कापायची राहिली होती, आणि तिथे दोन जागी गाठ काढलेली सापडली. काढलेली, धाकट्या. कापलेली नाही, तोडलेली नाही. पाती अख्खी होती, फक्त पीळ राहिला होता त्यांच्यात.

ती गाठ ओढून सुटत नाही. ओढली की घट्ट बसते. आतलं एक पातं मागे ढकलावं लागतं आणि मग बाकीची आपोआप मोकळी होतात. पाहुण्यांच्या होडीतल्या बाकी कुणालाही काढायला सांगितली असती तर त्यानं चाकू मागितला असता.

गप्पूनं ती पाती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि वल्हं मारायला लागला. त्याच्याही लक्षात आलं. काकांच्या लक्षात कधीच आलं असणार. मी त्यांना विचारलं नाही.

आता छापील पत्र पाठवू नकोस. हातानं लिही.

तुझी घटक बहीण


गुरुवार, २४ एप्रिल

धाकट्या,

हातानं लिहिलंस, बरं केलंस. अक्षर अजून तसंच आहे, ओळ उजवीकडे उतरत जाते.

तू लिहितोस की साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे काय आहे? आणि तू उत्तर द्यायच्या आत तेच म्हणाले, फासे दिसतायत. पाहुण्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. एका बाईनं तोंडावर हात ठेवला. साहेब म्हणाले, ताबडतोब काढून टाका. तू लिहितोस, "ताई, त्या क्षणी मी काय बोलणार होतो?"

मी सांगते काय बोलणार होतास. "साहेब, हे फासे नाहीत, ही माझ्या काकांची गाठ आहे, इथे घरटं आहे." एवढंच. तुला भाषणं करायला येतात. पाणथळ जमिनींचं महत्त्व या विषयावर तू तासभर बोलतोस, मी ऐकलंय, मला झोप आली होती.

पण तू खरं काय ते पुढच्याच ओळीत लिहिलंस आणि मग खोडलंस. खोडलं तरी वाचता येतं, तू फार दाबून लिहितोस. तुझ्या ऑफिसात कुणालाच माहीत नाही की तू लव्हाळी कापणाऱ्यांच्या घरातला आहेस. "या भागातला" एवढंच माहीत आहे. ताई मला सगळेच म्हणतात, त्यामुळे बैठकींतही कुणाला कळलं नाही. "माझे काका" म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं. म्हणजे अंडी फुटली ती तुझ्या नोकरीपायी नाही, तुझ्या लाजेपायी फुटली. मला याचा किती राग आलाय ते मी लिहू शकत नाही, कागद फाटेल. आम्ही काय चोऱ्यामाऱ्या करत होतो का तुला शिकवताना? तुझी फी चटयांतून गेली. काकांनी स्वतः लग्न केलं नाही, आपले बाबा गेल्यावर दोन पोरं पदरात आहेत म्हणून. आणि तुला होडीत ते शब्द तोंडातून काढता येईनात.

आणि काढायचीच होती गाठ तर चाकूनं कापायची होतीस. कापलेली पाती बघून कापणाऱ्याला शंका तरी आली असती. पण तू नीट सोडवलीस, काकांनी शिकवली तशी.

संध्याकाळी येऊन काकांना सांगायचं होतंस. ऑफिसपासून घर किती लांब आहे? तू लिहितोस, "मला वाटलं सोमवारी काका असतीलच, त्यांना जागा पाठ असतात." तुला वाटलं. गप्पूला वाटलं गाठ नाही म्हणजे घरटं नाही. गप्पूला वाटायचा हक्क होता, तुला नव्हता.

परवा तुमच्या त्या चष्मेवाल्या मॅडम शेडमध्ये आल्या होत्या, पक्षी मोजतात त्या. मी बसा म्हटलं नाही. त्या आपणहून पेंढीवर बसल्या. म्हणाल्या, "मला त्या फोटोंचं पटत नाहीये. फोटो मीच काढले, पण फासे म्हणून नव्हते काढले. काय आहे ते?" मी म्हटलं, तुमच्या समन्वयकांना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. त्या म्हणाल्या, "विचारलं. ते म्हणाले, कल्पना नाही."

कल्पना नाही. मी त्यांना चहा दिला आणि काहीही सांगितलं नाही. का, ते तूच ओळख. अजूनही मला वाटतं, हे तू सांगावंस. मी सांगितलं तर चुगली होते, तू सांगितलंस तर चूक कबूल केल्यासारखं होतं. माणसं चूक कबूल करणाऱ्याला खाऊन टाकत नाहीत.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तुला झोप लागत नाही म्हणाली, आणि मला म्हणाली, "ताई, रागावू नका त्यांच्यावर, या दिवसांत मला घरात शांतता हवी आहे." मी विचारलं, कुठले दिवस? तेव्हा कळलं. ही बातमी मला तुझ्याकडून कळायला हवी होती. काकांना सांगितली. कितीतरी दिवसांनी हसले. मग एवढंच विचारलं, "नोकरी पक्की आहे ना त्याची?"

२९ तारखेला बैठक आहे. मी पुढच्या बाकावर बसणार आहे, तुझ्या समोर. तुला बोलायला एवढं पुरेल.

ताई


बुधवार, ३० एप्रिल

तू काल तिथे होतास तरी मी सगळं लिहिणार आहे, कारण तुझी मान खाली होती आणि तुला दिसलं नसेल.

आमच्याच शेडमध्ये बैठक होती. माग भिंतीला सरकवले होते. तुमची माणसं टेबलामागे, आमची बाकांवर. दोन वर्षं आपण सगळे एकाच चटईवर गोल करून बसत होतो. टेबल कुठून आलं? मला वाटतं, ज्या दिवशी टेबल आलं त्याच दिवशी भागीदारी संपली, बाकी नुसता कागद.

साहेबांनी सांगितलं की संस्था स्थानिकांचा आदर करते. आदर म्हटला की मी पिशवी छातीशी धरते, माझी सवय आहे. मग त्यांनी फोटो दाखवले आणि काकांना विचारलं, "हे तुमच्या लोकांनी बांधलं का?"

काका उभे राहिले. इस्त्रीचा सदरा घातला होता, मीच केली होती इस्त्री, कारण मला वाटलं होतं की आज त्यांची मान ताठ होणार. मी तुझ्याकडे बघत होते. तू पेनचं टोपण लावत होतास, काढत होतास. बोल, मी मनात म्हणत होते. काका थांबले. त्यांनीही तुझ्याकडे बघितलं, अगदी थोडं. मग म्हणाले,

"लोकांनी नाही साहेब. मी एकट्यानं. फासेच होते ते. म्हातारपणी हाव सुटली. बाकीच्यांना काही माहीत नव्हतं."

गप्पू उठायला लागला तर काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी जागची उठले नाही. त्या नजरेला मी लहानपणापासून भीत आलेय. पन्नाशीला आले तरी भीते.

आणि तू? साहेब तुला म्हणाले, "लिहून घ्या." तू लिहून घेतलंस.

लिहून घेतलंस तू. ओळ उजवीकडे उतरत गेली असेल. ज्या माणसानं आयुष्यात एक पीस चोरलं नाही, त्याच्या तोंडचं "हाव सुटली" तू तुझ्या हातानं कागदावर उतरवलंस, आणि त्यांनी सही केली तेव्हा कागद नीट धरून ठेवलास, हलू नये म्हणून.

घरी आल्यावर मी ओरडले. आजवर काकांवर कधी ओरडले नव्हते. म्हटलं, तुम्ही चोर नाही, मग हे काय बोललात? ते सदऱ्याची बटणं काढत म्हणाले, "त्याच्या घरी आता लेकरू येईल. मला कुठे नोकरी आहे जायला?" म्हटलं, अहो, पण नाव? "नाव घेऊन कुठे जायचंय मला? ज्यांना मी माहीत आहे, त्यांना माहीत आहे."

तसं नाही, धाकट्या. आज सकाळी पाण्याच्या टाकीपाशी दोघी बोलत होत्या. मला बघून गप्प झाल्या. एकीचा नवरा काकांच्या हाताखाली कापायला शिकला. ती दुसरीला म्हणत होती, "म्हणजे इतकी वर्षं हेच चाललं होतं वाटतं." झालं. ज्यांना माहीत होतं तेही आता विसरायला लागले.

आणि काकांना वाटलं की आपण एकट्यानं अंगावर घेतलं की बाकीचे सुटतील. कुठले सुटतायत. साहेबांनी शेवटी सांगितलंच, की स्थानिक देखरेख अपयशी ठरल्याचं कबुलीजबाबावरून सिद्ध होतं. कुंपण घालायचं, पाणथळ पूर्ण संस्थेकडे, आम्हाला वर्षातून एकदा कापायला "परवानगी" मिळेल. ८ तारखेला मंजुरी. जी जागा आमची निम्मी होती तिथे आम्ही परवानगी मागायची.

शेवटचं सांगते. काकांनी तुला वाचवलं ते त्यांचं प्रेम. ते त्यांच्यापाशी. मी तुला वाचवणार नाही. आठ दिवस आहेत. तू बोललास तर मी तोंड उघडणार नाही, तुझ्या पाठीशी उभी राहीन, लोकांनी दगड मारले तरी. तू बोलला नाहीस तर मी बोलेन.

धमकी वाटत असेल तर धमकी समज.

ताई


गुरुवार, ८ मे

धाकट्या,

तू आजारी आहेस असं बैठकीत सांगण्यात आलं. ताप आहे म्हणे. काळजी घे. हे मी खरंच म्हणतेय, टोमणा नाही.

तुझी खुर्ची रिकामी होती. मी शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. साहेबांनी ठराव वाचायला घेतला तेव्हा उठले. काका म्हणाले, "बस खाली." मी बसले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही.

भाषण मला येत नाही. मी लव्हाळ्याची जुडी नेली होती. टेबलावर ठेवली, त्यांच्या कागदांवरच, आणि गाठ मारून साहेबांपुढे सरकवली. म्हटलं, सोडवून दाखवा. त्यांना वाटलं काही समारंभ आहे, हसले. ओढली. घट्ट बसली. पुन्हा ओढली. शेजारच्या हिशेबनीसांनी नख लावून बघितलं. शेवटी साहेब म्हणाले, "कात्री आहे का कुणाकडे?"

म्हटलं, त्या दिवशी होडीत कात्री होती का?

नव्हती, असं चष्मेवाल्या मॅडम बोलल्या. उभ्या राहिल्या आणि बोलल्या, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "गाठी समन्वयकांनी काढल्या. मी शेजारी होते. फार सहज काढल्या. मला तेव्हाच नवल वाटलं होतं, पण मी गप्प बसले, ते माझं चुकलं." साहेब म्हणाले, "त्यांना कशा येतात?" आणि सगळी शेड माझ्याकडे बघायला लागली. आमची माणसंसुद्धा. प्रत्येकाला उत्तर माहीत होतं आणि ते माझ्या तोंडून यायचं होतं.

मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे. त्याला गाठ मारायला ह्यांनी शिकवली. आणि काकांकडे बोट दाखवलं.

मग बाकीचं सांगितलं. गाठ कशासाठी असते ते. काका खोटं का बोलले ते. तुझ्या घरची बातमीही सांगावी लागली, त्याशिवाय कुणाला ते खोटं कळलं नसतं. बायको रागावेल तुझी. रागावू दे.

ठराव मागे घेतला. कुंपण नाही. निम्मं आमचं निम्मंच राहिलं, आणि करारात नवं कलम घातलंय की काकांची फेरी झाल्याशिवाय पाहुण्यांची होडी पट्ट्यात जाणार नाही. मॅडम म्हणाल्या, पुढच्या फेरीला मला न्या. साहेबांनी काकांची माफी मागितली, जरा घाईत, पण मागितली. गप्पूनं फाटकावरचे फोटो उतरवून विळ्यानं बारीक कापले. तुझं काय करायचं ते संस्था ठरवेल. मी त्यांना सांगून आले की त्याला काढू नका, त्याला लाजवा, तेवढं पुरे. ऐकतील की नाही माहीत नाही.

तुला वाटेल, ताई जिंकली. ऐक मग.

रखवालदार धावत येऊन काकांच्या गळ्यात पास घालायला लागला. काकांनी त्याचा हात बाजूला केला आणि एकटेच चालत घरी गेले. मी मागून पोचले. ते पायरीवर बसले होते. मला म्हणाले, "मी स्वतःच्या मर्जीनं चोर झालो होतो. तुला कुणी सांगितलं होतं मला साव करायला? पोराचं नाव तू भर सभेत घेतलंस."

म्हटलं, त्यानं तुमचं नाव बुडवलं ते चालतं तुम्हाला? ते उठले. आत गेले. मी वाढलेल्या ताटाला हातही न लावता त्यांनी दार लोटून घेतलं. दुपारभर उघडलं नाही. ज्यांच्यासाठी मी सख्ख्या भावाला भर सभेत उघडं पाडलं, ते माझ्यावर रुसलेत. तुझ्यावर नाहीत. तुझ्यावर ते अजून रुसलेलेच नाहीत, आणि माझा सगळा संताप तिथेच येऊन अडकतो. तू त्यांचं काहीही करावंस आणि त्यांनी कागद हलू नये म्हणून तुझ्याऐवजी स्वतःच धरून ठेवावा, हे मला पाहवत नाही.

मी हे पत्र लिहायला बसले ते तुला आता घरचं दार बंद, असं सांगायला. तसं एक पान लिहिलंही होतं. तेवढ्यात काका बाहेर आले. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्याला लिहितेयस ना? ताप आहे म्हणत होते. काही खाल्लं का त्यानं, विचार."

ते पान मी फाडलं. माझ्या मनात नाही, पण त्यांनी विचारायला सांगितलंय म्हणून विचारते. काही खाल्लंस का?

उत्तर मला नको. मला लिहू नकोस, तुझ्या बायकोकडून निरोपही नको. इथे ये, पायरीवर त्यांच्या शेजारी बस, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून त्यांना सांग.

ताई